वेगळा तवा

मासा धरायचा, त्याला ओल्या गादीवर निजवायचं, तोंडातली गरी हळूच काढायची, फोटो घ्यायचा आणि 'जा बाबा, सुखी राहा' म्हणून परत पाण्यात सोडायचा! आता सांगा, याला मासेमारी म्हणायची की माहेरपण?

मी मूळची रेवदंड्याची. परकर नेसायच्या वयापासून वडील मला खाडीवर गरवायला न्यायचे. गरीला कोलंबी कशी लावायची, दोरी कधी ढिली सोडायची, कधी झटका द्यायचा, सगळं त्यांनी शिकवलं. पुढे लग्न करून पुण्याला आले ती थेट शुद्ध शाकाहारी घरात. लग्न माझ्याच पसंतीचं, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. माहेरी गेले की मासे खायचे, पण ते भावानं आणलेले आणि वहिनीनं तळलेले. लग्नानंतर स्वतःच्या हातानं एकही मासा धरला नाही. म्हणून आमचा अभिराम युट्रेख्टहून फोनवर म्हणाला, "आई, यंदा उन्हाळ्यात तुम्ही दोघं या, आपण मासे पकडायला जाऊ," तेव्हा फोन ठेवायच्या आधीच मी बॅग खाली काढली होती.

आल्यावर पहिल्याच रविवारी तो मला सरावासाठी घराजवळच्या नदीवर घेऊन गेला. रीतसर परवाना, घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, सगळा जामानिमा होता. मला वाटलं होतं हात विसरला असेल. छे! थोड्या वेळात दोरीला ओढ बसली आणि मी चांगला पंजाभर रुंद, रुपेरी मासा बाहेर काढला. मनात म्हटलं, हळद, तिखट, आगळ आणि वरून रवा. तेवढ्यात अभिरामनं त्याला गादीवर ठेवलं, माझा फोटो काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अरे मेल्या! हे काय केलंस?"

"आई, इथे असाच नियम आहे. पकडायचा आणि सोडायचा."

"सोडायचाच होता तर काढला कशाला? तो तिकडे सुखात होता, मी इकडे सुखात होते!"

आमची नात आर्या मात्र खूश. वय वर्षं नऊ. मराठी सगळं कळतं, उत्तरं डचमध्ये. मासा बाहेर आल्यापासून तिचं "झीलिख, आजी, झीलिख!" चाललं होतं. झीलिख म्हणजे बिचारा. मासा बिचारा! आणि तोंडाशी आलेला घास गेला ती आजी कोण?

सूनबाई ऋजुतानं माझी समजूत घालायला सुपरमार्केटमधून बिनकाट्याचे तुकडे आणले. पोरगी गुणाची आहे, पण बिनकाट्याचा मासा म्हणजे बिनमिठाची आमटी. अर्थात तिचंही बरोबर होतं. माझा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा परत गेल्यावर काढायचाय. काटे नीट दिसत नाहीत. मनगटही हल्ली कुरकुरतं. म्हणून तर घाई होती. मला एकदा, फक्त एकदा, स्वतः धरलेला मासा स्वतः तळून खायचा होता. यंदा नाही झालं तर मग कधीच नाही. हे मी मनात दाबून ठेवलं होतं वगैरे काही नाही हं, उठता बसता सगळ्यांना ऐकवत होते.

तर सुट्टीला जायची जागा ठरवायची होती. स्वीडनच्या उत्तरेला एक अफाट तळं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही एवढं. भोवती नुसतं जंगल. त्या तळ्यावर मासे पकडणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या जागा आहेत, त्यांना इथे कॅम्प म्हणतात. त्यातल्या तीन अभिरामनं निवडल्या होत्या. घरात निर्णय घ्यायची या लोकांची पद्धत अगदी डच झालीय. सगळ्यांनी गोल बसायचं, लहान पोरीपासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकानं मत द्यायचं, आणि एकमत होईपर्यंत कॉफी प्यायची. आमच्याकडे माझे सासरे बोलले की ठरलं, असं होतं. वेळ तरी वाचायचा.

अभिरामनं टीव्हीवर पहिला कॅम्प दाखवला. लाकडी घरं, गरम पाणी, इंटरनेट, न्हाणीघराला फरशी एवढी चकचकीत की तोंड बघावं. "पण मासे सोडून द्यायचे," तो हळूच म्हणाला.

"पुढचा दाखव," मी म्हटलं.

दुसऱ्या कॅम्पवर मासे खायला परवानगी होती. मी सरसावून बसले. पण जागा फक्त ऑगस्टमध्ये होती.

"श्रावण," वर्तमानपत्रामागून आवाज आला. आवाज आमच्या ह्यांचा, म्हणजे विश्वासरावांचा. स्वतः जन्मात मासा खाल्ला नाही, पण माझा श्रावण कधी लागतो हे ह्यांना तोंडपाठ. आमच्या माहेरी श्रावणात मासळीचं नाव काढत नाहीत, आणि तेवढं मी आजवर पाळलंय.

"मग महिनाअखेरीला जाऊ," अभिराम म्हणाला.

"गणपती," पेपरामागून पुन्हा आवाज.

"तिथे जंगलात काय कळणार आहे गणपतीला!" मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली, दोन्ही कानांना हात लावले. आर्या पोट धरून हसायला लागली.

तिसरा कॅम्प बघून ऋजुताचा चेहराच उतरला. बेटावर एकच घर. रस्ता संपला की होडीनं जायचं. वीज नाही, इंटरनेट नाही, संडास अंगणापलीकडच्या खोपटात आणि त्याच्या दाराला बदामाच्या आकाराचं भोक. पण खाली मालकानं लिहिलं होतं, जेवढं खाल तेवढंच धरा, आणि धराल ते खा. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात जागा रिकामी होती, श्रावणाच्या अगदी तोंडावर.

"हाच!" मी हात वर केला.

माझा एकटीचाच हात वर. अभिरामला ऑफिसचे फोन घ्यावे लागणार म्हणून पहिला कॅम्प हवा होता. ऋजुताला संडास घरात हवा होता, आणि त्यात तिचं काय चुकलं? आर्याला मासे जिवंत हवे होते. राहिले आमचे हे. ते कुठे मत देणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. शेजारच्या घरात सुकट भाजली तर हा माणूस खिडक्या लावून उदबत्ती पेटवतो. संपलं, मला वाटलं. पुण्याला परत जाईन ती तशीच. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला.

ह्यांनी पेपरची घडी घातली. "अभिरामच्या यादीतला नंबर बघून त्या बेटाच्या मालकाशी मी काल बोललोय फोनवर."

हा माणूस परदेशात आल्यापासून दारावरची बेल वाजली तरी मुलाला पुढे करतो!

"बाबा, तुम्ही? काय बोललात?"

"विचारलं, तवा वेगळा आहे का."

"तवा?"

"म्हटलं, माझी बायको मासे खाते, मी खात नाही. तो म्हणाला, आमच्याकडे मी खातो, बायको खात नाही. दोन तवे आहेत. सज्जन वाटला मला."

ऋजुता हसत सुटली. अभिराम मात्र हटेना. "बाबा, पण तुम्हाला वास सहन होत नाही. तिथे बेटावर कुठे जाल?"

"वाऱ्याच्या उलट बाजूला बसेन."

"पण का?"

ह्यांनी चष्मा पुसला. "अरे, लग्न झाल्यापासून मी ऐकतोय. खाडीत असा मासा धरला नि तसा मासा धरला. दर वर्षी तो मासा वीतभर वाढतो. नदीवरचा मी नुसता फोटोत बघितला. आता मला एकदा समोर बघायचंय, हिला खरंच धरता येतो की नुसत्याच थापा."

"थापा? मी?" मी उसळले.

मग आर्यानं आईच्या कानात काहीतरी विचारलं. ऋजुता म्हणाली, "ती विचारतेय, सोडलेला मासा पुन्हा गळाला लागतो का?"

अभिराम खोटं बोलणारा नाही. "लागतो. मोठे मासे तर दर उन्हाळ्यात लागतात."

"दर वेळी दुखतं?" हे तिनं चक्क मराठीत विचारलं. पोरगी बराच वेळ पहिल्या कॅम्पच्या चित्राकडे बघत राहिली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजी, एकच धरणार?"

दोनावर तोड निघाली असती, पण तिचे डोळे बघून मी म्हटलं, "एकच."

"सगळा खाणार? टाकणार नाही?"

"सगळा. डोक्यासकट!"

तिनं बेटासाठी हात वर केला. तिच्या मागोमाग ऋजुताचा हात गेला. "पण त्या खोपटात माझ्यासोबत कुणीतरी यायचं," असा दम तिनं अभिरामला भरला. अभिरामनं एक सुस्कारा सोडला आणि ऑफिसला रजेची मेल करायला उठला. मी आत जाऊन ह्यांच्यासाठी कॉफी केली, न मागता. एवढं प्रेम पुरे.

बेटावर पोचलो, आणि काय सांगू महाराजा, मासा काही लागेना! रोज होडीत बसायचं, रोज रिकाम्या हातानं परतायचं. हे रोज बरोबर. नारिंगी जाकीट गळ्यापर्यंत आवळून, दोन्ही हातांनी होडी घट्ट धरून, सुपारीच्या गणपतीसारखे बसलेले. "थापा होत्या वाटतं," असं अधूनमधून म्हणायचे. अखेर शेवटचा दिवस उजाडला. अमावास्या, आपली गटारी.

संध्याकाळी एका खडकामागे दोरी ताणली गेली. अशी ताणली की मनगटातून कळ गेली.

"ओढ! ओढ!" हे होडीत उभे राहून ओरडायला लागले.

"गप्प बसा! खाली बसा! बुडवाल!" मी दोरी सोडली, ओढली, पुन्हा सोडली. वडिलांचा आवाजच कानात होता. अभिरामनं जाळं खाली घातलं आणि हातभर लांब, दातेरी तोंडाचा पाईक नावाचा मासा होडीत येऊन पडला. मी रडत होते की हसत होते, मला ठाऊक नाही. हे टाळ्या वाजवत होते.

काठावर आर्यानं तो जवळून बघितला. झीलिख म्हणाली नाही. त्याच्या अंगावरून एक बोट फिरवलं आणि डचमध्ये त्याला थँक यू म्हणाली.

मालकाच्या वेगळ्या तव्यावर मी तुकड्या तळल्या. तिथे उन्हाळ्यात अंधार पडतच नाही, सोनेरी उजेडात सगळे अंगणात जेवायला बसलो. अभिराम आणि ऋजुता बोटं चाटत होते, आर्यानं नखाएवढा तुकडा खाऊन बघितला. हे वाऱ्याच्या उलट बाजूला, लांब, दहीभात घेऊन.

मी पहिला घास घेतला. अहाहा! दुसऱ्या घासाला काटा लागला. तिसऱ्यालाही. पाईकला काटे असतात केसासारखे बारीक आणि टोकाला दोन फाटे फुटलेले. चाचपून काढायला गेले तर बोटांना लागेनात, डोळ्याला दिसेनात. इतक्या वर्षांनी धरलेला मासा, पोरीला शब्द दिलेला, आणि मला तो खाता येईना. मी ताट मांडीवर धरून नुसती बसले.

पावलं वाजली. ह्यांनी दहीभाताचं ताट खाली ठेवलं होतं. ते धुराच्या बाजूला माझ्या शेजारी येऊन बसले, वाचायचा चष्मा नाकावर चढवला आणि माझं ताट ओढून घेतलं. मग आपल्या बोटांनी त्या तुकडीतला एक एक काटा वेचून ताटाच्या कडेला लावू लागले.

"अहो, हे काय करताय? हाताला वास लागेल!"

"लागू दे," हे म्हणाले. "तू खा लवकर. उद्यापासून श्रावण आहे."