अजून थोडं पुढे

रविवारी पोरांना घेऊन टेकडीवर चालत जायचं, तर धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने कडक इस्त्रीची पँट घातली. पोरांच्या मावशीने तिथेच मनातल्या मनात त्याच्यावर फुली मारली. इस्त्री तिच्याच लॉण्ड्रीत झालेली, त्यामुळे बोलायचीही चोरी. तोंडावर ती त्याला 'जावईबापू' म्हणायची आणि मनात 'कॅप्टन'. विम्याच्या कचेरीत चार कारकून हाताखाली आल्यापासून त्याला घरची माणसंही हाताखालचीच वाटायला लागली होती.

बेत साधा होता. पायवाटेने चालायचं, सावली बघून बसायचं, ब्रेड, उकडलेली अंडी आणि काकड्या खायच्या, पोरांना हुंदडू द्यायचं आणि ऊन उतरलं की परतायचं. एवढ्याशा कामाला कॅप्टनने गळ्यात शिट्टी अडकवली होती आणि काखेत घडीची खुर्ची मारली होती. तीही एकच.

ओढ्याकाठी झकास जागा मिळाली. भाचा-भाचीने बूट काढलेसुद्धा. कॅप्टनने वाकून गवत तपासलं आणि मुंग्या असल्याचं जाहीर केलं. बूट परत चढले. पुढच्या झाडाखालून देखावा दिसेना. त्यापुढच्या खडकावर वारा फार. दर वेळी तो शिट्टी फुंकून 'अजून थोडं पुढे' म्हणायचा, आणि धाकटी डब्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत निमूट निघायची. मावशीला त्याचा राग येत नव्हता. रागावण्याइतकी त्याची लायकीच तिने मानली नव्हती. राग यायचा तो बहिणीचा. लहानपणी हरायची वेळ आली की डाव उधळून लावणारी ही पोरगी आता तोंडात मिठाची गुळणी धरून चालली होती.

माथ्यावरची सपाट जागा अखेर साहेबांच्या पसंतीला उतरली, पण तिथे एक कुटुंब सतरंजी पसरून बसलेलं. ही जागा आपण आधीच हेरली होती, असं कॅप्टन त्यांना समजावू लागला. कुठून हेरलीत, असं त्यांच्यातल्या आजोबांनी विचारलं.

"खालून," तो म्हणाला.

आजोबा भले होते, सरकून बसायला तयार झाले. तर याचा मान आडवा आला. आम्ही पुढे बघतो, म्हणाला. पुढे नुसता उतार होता.

तेव्हा धाकटीने पायवाटेतच बसकण मारली आणि डबे उघडले. "मी आता उठणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला जायचं तर जा."

पोरं अंड्यांवर तुटून पडली. कॅप्टन खुर्ची कवटाळून बाजूला उभा राहिला. त्याची कशी जिरली ते बघत मावशीने काकडी चवीचवीने खाल्ली.

थोड्या वेळाने धाकटीने एक अंडं सोललं, मीठ लावलं आणि उठून त्याला नेऊन दिलं. एवढाच टिकला हिचा हट्ट! मावशीने कपाळावर हात मारला. अंडं तोंडात असतानाच तो मीठ जास्त झाल्याचं सांगत होता, आणि ही चक्क हसत होती.

"मावशी, तू बाबांकडे अशी का बघतेस?" भाचीने विचारलं.

"कशी?"

भाचीने नाक मुरडलं आणि एक भुवई वर चढवली. नक्कल इतकी हुबेहूब होती की भाच्याला ठसका लागला.

"बाबांना कळतं ते," भाची म्हणाली. "सकाळी आईला म्हणत होते, ताई येणार आहेत, जागा एकदम चांगली शोधली पाहिजे. ताईंना आपलं काहीच पसंत पडत नाही."

मावशीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. माणूस मूर्ख होता, याबद्दल तिला अजूनही शंका नव्हती. पण आजची पायपीट आपल्यापायी झाली, हे काही घशाखाली उतरेना.

"जावईबापू," ती म्हणाली, "या, बसा इथे. जागा चांगली आहे."

त्याने वाटेकडे निरखून पाहिलं. "धूळ आहे हो, ताई," म्हणाला, आणि तरीही बसला.

मावशीने ओठांवर आलेलं वाक्य गिळलं आणि ब्रेड त्याच्यापुढे सरकवला.