कोऱ्या चेहऱ्याची मुलाखत

"अय्या, खरंच?" असं मुलीच्या तोंडून निघालं आणि तिने कपाळावर हात मारून फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं.

"का गं? चांगलं सांगत होते की मी," आई म्हणाली. धाकट्या जावेचं प्रकरण ऐन रंगात आलं असताना तिला थांबावं लागलं होतं.

"तू चांगलंच सांगत होतीस. मी 'अय्या' म्हणायला नको होतं."

मुलगी बारावीनंतर सर्वेक्षणं करणाऱ्या एका संस्थेत शिकाऊ म्हणून लागली होती. आठवड्यातले चार दिवस काम, एक दिवस वर्ग आणि शेवटी हातात पदवी. लोकांच्या घरी जायचं, प्रश्न विचारायचे आणि उत्तर कसलंही आलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. 'वा' नाही, 'अरेरे' नाही. उत्तर संपलं तरी जरा गप्पच राहायचं, म्हणजे माणूस आपणहून पुढे बोलतो. नेमकं हेच तिला जमत नव्हतं. सांगणाऱ्याच्या आधी हिचेच डोळे भरून यायचे. सरावाच्या दोन मुलाखती शिकवणाऱ्या बाईंनी नापास केल्या होत्या. घरीच रेकॉर्ड करून उद्या द्यायची तिसरीही गेली तर नोकरी जाणार होती आणि तिच्यासोबत पदवीही.

"बाबांना विचार," आई म्हणाली. "ते कुठे काय बोलतात?"

बाबा मोटार चालवायला शिकवायचे. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायची इतकी सवय, की घरी खुर्चीत बसल्याबसल्याही त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. मुलीच्या शिक्षणाबद्दल त्यांचं एकच मत होतं, "ना धड कॉलेज, ना धड नोकरी." तरीही ते बनियनवर इस्त्रीचा शर्ट चढवून, भांग पाडून येऊन बसले.

"रेकॉर्डिंगमध्ये भांग दिसत नाही," आई म्हणाली.

"तू आत जा बरं."

सुरुवातीचे प्रश्न सुरळीत पार पडले. झोप बरी. तब्येत बरी. शेजारी बरे, पण गाडी आडवी लावतात. मुलगी ओठ घट्ट मिटून टिपून घेत होती.

"गेल्या महिन्यात तुम्हाला एकटं वाटलं का? कधीच नाही, कधीतरी, बरेचदा, की रोज?"

"रोज," बाबा म्हणाले. 'आता दुसरा गिअर टाका' म्हणावं तितक्या सहज.

मुलगी गप्प राहिली. आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. बाबांचा पाय फरशीवर दाबला गेला.

"गाडीत दिवसभर शेजारी माणूस असतो," ते म्हणाले, "पण त्याने रस्त्याकडे बघायचं, माझ्याकडे नाही. मीच तसं शिकवतो. घरी येतो तेव्हा तुमच्या दोघींच्या गप्पा चाललेल्या असतात. जिन्यातून ऐकू येतात मला. मी आत आलो की थांबतात."

तिला भडभडून आलं. उठून त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिने गुडघ्यात नखं रुतवली.

"आणखी काही सांगाल?" तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"नाही. लिही तेवढं."

तिने लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला. आवाज जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळं रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. "एकदाही मध्ये बोलली नाहीस," त्या म्हणाल्या. "मला तर वाटलं, इथे ही नक्की घसरणार. जमलं गं तुला!"

त्यांनी तिची पाठ थोपटली. तिला आनंद झाला, तरी बाबांचं 'रोज' दिवसभर कानात राहिलंच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसले होते.

"काय झालं गं?"

"पास झाले."

"अरे वा!" त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची तिच्याकडे वळवून घेतली. "मग आता बोल काहीतरी. कालपासून वाट बघतोय मी."