गॅस कमी पडलाय

मामाच्या मते जगातल्या कुठल्याही गाडीच्या एसीला एकच आजार होतो आणि त्यावर एकच औषध आहे. पंखा बंद असो, पट्टा सैल असो, नाहीतर जाळीत कचरा अडकून हवा कोंडलेली असो, बॉनेट उघडायच्या आधीच मामा निदान करून मोकळा व्हायचा, "गॅस कमी पडलाय." बरं, तीस वर्षं हेच काम करतोय आणि दहातल्या सात वेळा ते खरंही निघायचं, त्यामुळे त्याला बोलणार कोण? गिऱ्हाइकं तोंडावर मामा म्हणायची आणि पाठ फिरली की गॅसमामा.

त्याची सख्खी भाची टॅक्सी चालवायची. मामाने तिला लहानपणी ठमी म्हणायला सुरुवात केली, ती पस्तिशी ओलांडून गेली तरी ठमीच राहिली. तर या ठमीच्या टॅक्सीत मामाने तीन महिन्यांत दोनदा गॅस भरला होता, आणि दोन्ही वेळा एसी सुधारायच्या ऐवजी बिघडला होता. मोकळ्या रस्त्यावर निदान नावाला तरी हवा यायची. सिग्नलला गाडी थांबली की मात्र तोंडावर कोणीतरी उसासे टाकतंय असं वाटायचं. एक बाई उतरताना म्हणाल्या, "एसी बंदच ठेवत जा, म्हणजे माणसाला आशा तरी लागणार नाही." त्यांनी तक्रार केली. आठवड्याने आणखी एकाने केली.

टॅक्सी कंपनीचा नियम सरळ होता. दोन तक्रारी झाल्या की तपासनीस स्वतः गाडीत बसून बघणार, आणि त्याला गार वाटलं नाही तर गाडी यादीतून बाद, ती कायमची. तो तपासनीस आज दुपारी चारला यायचा होता. ठमीचं घर या एका गाडीवर चालायचं. म्हणून सकाळी दहालाच ती मामाच्या दुकानात येऊन उभी राहिली. दुसऱ्या कोणाकडे गाडी नेली असती, पण ते आईच्या कानावर गेलं असतं तर आईने घरात घेतलं नसतं. आईच्या लेखी तिचा भाऊ म्हणजे एसीतला देवमाणूस.

"मामा, आज काय ते नीट बघ," ठमी म्हणाली. "चारला माझा निकाल आहे."

"बघायचं काय त्यात? गॅस कमी पडलाय."

"दोनदा भरलास ना?"

"मग गेला असेल कुठून तरी. नाहीतर तुझे पॅसेंजर आडव्या अंगाचे असतील. तीन माणसं मागे कोंबलीस तर एसी बिचारा काय करेल?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं ठमीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. चार वाजेपर्यंत मामाशी गोड राहणं भाग होतं.

मामाने इंजिन चालू ठेवलं, एसी पूर्ण सोडला आणि गॅसचा डबा नळीला जोडला. आता गॅस किती भरायचा हे बॉनेटच्या आतल्या चिकटपट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं, आणि जगभरातले मेकॅनिक तो काट्यावर मोजून भरतात. मामाकडेही काटा होता, चांगला इलेक्ट्रॉनिक. तो वरच्या मजल्यावर मामीच्या ताब्यात होता आणि ती त्यावर विणकामाची लोकर मोजायची. मामाला काटा लागत नव्हता. एसीची परतीची जाड नळी मुठीत धरायची, ती बर्फासारखी गार लागली की डबा बंद करायचा, ही त्याची पद्धत. तीस वर्षांत त्या मुठीने कधी दगा दिला नव्हता, आणि हे तो येईल त्याला ऐकवायचा.

त्याने डाव्या मुठीत नळी धरली आणि डोळे मिटले. डोळे मिटणं हा नाटकाचाच भाग होता.

"कोमट आहे अजून," तो म्हणाला. "घेऊ दे आणखी."

ठमीचं लक्ष नळीकडे गेलं. नळीवर पाण्याचे थेंब जमले होते आणि मामाच्या बोटांमधून ओघळत होते. तिने शेजारी बोट टेकवलं. नळी इतकी गार होती की बोट कळवळलं.

"मामा, ही गारठलीये."

"तू गाडी चालव. नळीतलं तुला काय कळतंय?"

"अरे, पण पाणी सुटलंय तिला."

"घाम आहे तो माझा," असं म्हणत तो तिला काहीतरी दाखवायला पुढे वाकला, आणि तोल सावरायला त्याने तोच हात पलीकडच्या बारीक नळीवर टेकवला. ती नळी गरम असते. आज तर कॉम्प्रेसर धापा टाकत होता, ती नुसती पेटली होती. मघाशी ठमीचं मनगट तिला नुसतं लागलं तरी तिने हात झटकला होता. मामा त्यावर तळहात ठेवून आरामात बोलत होता. या कंपन्या हल्ली कसल्या फालतू नळ्या बसवतात, हा विषय होता.

ठमीने त्याचा हात ओढून काढला. तळहातावर लालभडक पट्टा उठला होता. मामा त्याच्याकडे असा बघत राहिला, की जणू हात दुसऱ्याच कोणाचा आहे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने आधी इंजिन बंद केलं.

"वर्ष झालं असेल," तो म्हणाला. "आधी मुंग्या यायच्या. मग त्याही येईनाशा झाल्या. शर्टाची बटणं मामी लावून देते. कोणाला सांगू नकोस म्हटलंय मी तिला."

ठमीला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. तिने दोन्ही आवरलं, कारण अकरा वाजत आले होते. मामीला हाक मारून तिने मलम आणि काटा दोन्ही खाली मागवलं. मामी लोकरीसकट काटा घेऊन आली, तळहात बघितला आणि मलम लावायला बसली.

पुढचं काम मामाने तोंडाने सांगितलं आणि ठमीने हाताने केलं. गाडीतला सगळा गॅस मशीनने काढून रिकाम्या टाकीत घेतला. टाकी काट्यावर ठेवली. चिकटपट्टीवर छापलं होतं पाचशे ग्रॅम. टाकीचं वजन वजा करून काटा म्हणाला आठशे चाळीस.

मामाला समजावून सांगायची गरजच नव्हती. गॅस जास्त झाला की त्याला आत जागा उरत नाही, कॉम्प्रेसरची दमछाक होते आणि गाडी गार व्हायची थांबते, हे त्यानेच आजवर पन्नास जणांना शिकवलं होतं. तो आकड्याकडे बघत बसला. "म्हणजे बिघाड मीच भरला की गं," एवढंच म्हणाला.

मोजून पाचशे ग्रॅम भरला. दहा मिनिटांत आतल्या हवेने ठमीच्या हातावर काटा आला.

चारला तपासनीस मागच्या सीटवर बसला, मुद्दाम गर्दीच्या रस्त्याने न्यायला सांगितलं, आणि तिसऱ्या सिग्नलला म्हणाला, "जरा कमी करा, कान गार पडले." यादीत नाव राहिलं. त्याला उतरवून ठमी सरळ दुकानाकडे निघाली. मामाला बातमी द्यायची होती, आणि डॉक्टरकडे उचलून न्यायचं होतं, त्याने कितीही हातपाय झाडले तरी.

दुकानात एकही गाडी नव्हती. मामा टेबलाशी बसला होता, हाताला पट्टी, पुढ्यात गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची वही. मामी शेजारी बसून नंबर लावून देत होती. वर्षभरात त्या मुठीने भरलेल्या गाड्यांची दोन पानं झाली होती, आणि पहिल्या पानावरची अर्धी नावं खोडून झाली होती. ठमी दारातच थांबली.

"उद्या गाडी घेऊन या," मामा फोनवर कोणाला तरी सांगत होता. "नाही नाही, गाडीला काही झालेलं नाही. मला झालंय."