मेंढीची घंटी आणि अंबीचं ध्यान

मी मेंढीच्या गळ्यातली घंटी बोलतेय. पितळेची आहे. वय सांगत नाही. पण बाहत्तरचा दुष्काळ पाहिलाय म्हटल्यावर समजून घ्या.

मला शहागंजच्या बाजारातून मुंजाबा मेंढपाळानं आणलं. दुकानातल्या साऱ्या घंट्या त्यानं एकेक करून कानाशी वाजवल्या, तेव्हा दुकानदार वैतागला, "मियाँ, घंटी लेरै के बहू पसंद कररै?"

मुंजाबा म्हणाला, "बहू गप बसली तर चालंल, बाबा. ही गप बसली तर कळप जाईल."

म्होरक्या मेंढीच्या गळ्यात मी डोंगर पालथे घातले. मुंजाबाची बायको कस्तुराबाई चूल फुंकता फुंकता माझ्या आवाजावरून सांगायची, कळप चरतोय का बिथरलाय. या कान देण्याला काही नाव असतं, त्याचे वर्ग असतात, हे तिच्या गावीही नव्हतं.

दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं, मेंढ्या बाजारात गेल्या. मुंजाबानं मला तेवढी सोडवून घेतली. दोन वर्षांनी तोही गेला. मुलगा भारत शेंद्र्याच्या कारखान्यात लागला होता. तो आईला शहरातल्या फ्लॅटवर घेऊन आला. जिथं मेंढरांना हिरवी काडी मिळेना, तिथल्या इमारतीचं नाव 'हिरवाई'. पाणी टँकरचं. मी टीव्हीशेजारी, शोभेला.

मग भारतच्या बायकोनं, करुणानं, मोबाइलवर वर्ग लावला. सजग पालकत्वाचा. घंटी वाजवायची, डोळे मिटायचे, तीन दीर्घ श्वास घ्यायचे, मग लेकराशी बोलायचं. मला लिंबू लावून घासलं. सकाळ-संध्याकाळ मी ठणठणू लागले.

लेक अंबी चार वर्षांची. मी वाजले तरी पोरीची पापणी हलायची नाही. आपली ठोकळे रचत बसायची. करुणानं तिचा व्हिडिओ पाठवला. वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "किती एकाग्र मूल!" चाळीस आयांनी हात जोडले. खोटं कशाला बोलू, मीही फुगले.

कस्तुराबाईला काही हे रुचेना. "करुणे, पोर हाकंला वळत नाय गं."

"ती तिच्या क्षणात असते, आत्याबाई."

"चार वर्साची झाली, धड बोलत बी नाय."

"मुलांची तुलना करू नये म्हणतात."

एका दुपारी टँकर आला. ड्रायव्हरनं गॅलरीखालीच असा हॉर्न दाबला की खिडक्या थरथरल्या. अंबी गॅलरीत पाठमोरी बसली होती. तिनं मान वळवली नाही.

कस्तुराबाईनं मला उचललं. मेंढवाड्यात नवं कोकरू आलं की ती असंच करायची: मागून जाऊन घंटी वाजवायची, मान वळते का बघायची. तिनं मला अंबीच्या उजव्या कानामागं वाजवलं. मग डाव्या. मी जिवाच्या आकांतानं वाजले. पोर ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. मी तिला पुढं दिसले, तेव्हा मात्र खुदकन हसली.

आत करुणानं डोळे मिटले होते. "आत्याबाई, वर्ग चालू आहे माझा!"

"चालू दे. डोळे उघड आन् हिकडं ये." तिनं पुन्हा मला पोरीमागं वाजवलं. "कोकरू असं करायचं, तवा त्याला आमी ध्यानात हाय म्हणत नव्हतो, बाई. त्याला ऐकू येत नाय म्हणायचो."

करुणानं मला घेतलं, स्वतः पोरीमागं वाजवून पाहिलं. त्या वेळचे श्वास तिनं मोजले नसावेत.

डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही कानांना यंत्रं दिली. "जन्मापासून कमी ऐकतेय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" करुणानं पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर सवयीनं तिनं मोबाइलवर वर्ग सुरू केला, मला वाजवलं. अंबी दचकून किंचाळली, आजीच्या लुगड्यात घुसली. मोबाइलमधून मॅडम म्हणाल्या, "अरेरे, एकाग्रता ढळली!" करुणानं फोन बंद केला. पहिल्यांदाच, वर्ग अर्धा टाकून.

आता माझ्या पोटात वाजणाऱ्या लोळ्याला कस्तुराबाईनं चिंधी गुंडाळलीय. पोरीला मोठा आवाज अजून सोसत नाही. मला राग नाही. करुणा रोज अंबीच्या मागं उभी राहून हळू हाक मारते. आज एक पाऊल मागून, उद्या दोन. काल स्वयंपाकघरातून म्हणाली, "अंबे!" तिसऱ्या हाकेला पोरगी वळली आणि म्हणाली, "काय?"

करुणा लाटणं टाकून धावली. तव्यावरची भाकरी करपली, घरभर धूर झाला, आणि कुणी कुणाला रागावलं नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर खुशाल वाजवा, बाबांनो. फक्त डोळे मिटू नका.