डोळे मिटून म्हटलेलं आमेन

मित्रांनो, माझ्यावर जरा बेताने टेका. पुढचा उजवा पाय डुगडुगतो माझा. मी ओकच्या लाकडाचा एक जुना पोडियम आहे. अलाबामातल्या हार्लो क्रीक गावच्या सभागृहात उभा असतो. सभेत बोलणारा माणूस ज्याच्यावर कागद ठेवतो आणि घाम फुटला की ज्याची कड घट्ट धरतो, तो मी. लाकडाला डोकं नसतं ते एक बरं आहे. असतं, तर गेल्या वर्षीच त्याचा भुगा झाला असता.

मला एसा प्रुइट नावाच्या सुताराने घडवलं. वादळात पडलेला नदीकाठचा ओक त्याने ओढून आणला, वाळवला, आणि माझ्या कडा अशा काही गुळगुळीत केल्या की त्यांवरून बोट फिरवून तो स्वतःशीच हसायचा. पण मला सभागृहात मांडलं त्या दिवशी एसा खाली नव्हताच. तो काळा होता. काळ्या लोकांनी बाहेरच्या जिन्याने वरच्या सज्जात जाऊन बसायचं, असा तेव्हा नियम होता. मला वाटलं, उंचावरून मी त्याला जास्त चांगला दिसत असेन. वार्निशसुद्धा पुरतं वाळलं नव्हतं माझं, मला काय कळणार?

त्या दिवशी नव्या महापौरांचा शपथविधी होता. आमच्याकडे शपथेनंतर प्रार्थना होते. रेव्हरंड कोल्बी नावाचे गोरे धर्मगुरू आले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. बोटातली जाड अंगठी माझ्या डाव्या कडेवर टकटक आपटत ते म्हणाले, "प्रभू, तू प्रत्येक रंगाला त्याची त्याची जागा दिलीस. ती सोडायची दुर्बुद्धी कुणाला देऊ नकोस." खालच्या सगळ्या सभागृहाने एका सुरात "आमेन" म्हटलं. वरच्या सज्जातून काहीच ऐकू आलं नाही. त्यावर ना सभा झाली, ना कुणी हात वर केले. अंगठीने पडलेला खळगा मात्र माझ्या कडेवर राहिला.

पुढे सज्जा बंद झाला, सगळे खाली बसू लागले. माझी वर्षं कामात गेली. अर्थसंकल्प ऐकले, शाळेच्या बक्षिसांची भाषणं ऐकली, रडणारेही पाहिले. लोक म्हणायचे, काय मजबूत लाकूड आहे हो. मग एक चकचकीत पोलादी पोडियम आला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे नाताळच्या माळा माझ्या गळ्यात घालून मला विसरून गेले सगळे.

मला बाहेर काढलं व्हर्डेल मॉसने. ही आमच्या गावची पहिली काळी महापौर. शपथ घेईन तर याच्यावरच हात ठेवून, असा तिने हट्टच धरला. आणि प्रार्थनेला तिने बोलावलं आपल्या चर्चच्या काळ्या धर्मगुरूंना, पास्टर टिलरींना. पंचाऐंशीच्या पुढचे, काठी टेकत चालणारे, पण आवाज अजून खणखणीत. तिचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झालेला.

आता नीट ऐका, कारण इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थना एकट्याने होत नाही. पास्टर एक ओळ म्हणतात, लोक "हो प्रभू" म्हणून साथ देतात, त्यांचा आवाज चढतो, मग लोकांचाही चढतो. त्या दिवशी तसंच झालं. डोळे सगळ्यांचे मिटलेले. हळूहळू गोरी मंडळीही त्या लयीत आली. आणि पास्टर म्हणाले, "प्रभू, समोरून गोरा आला म्हणून काळ्या माणसाला फुटपाथवरून खाली उतरावं लागणार नाही असा दिवस आण. आणि गोऱ्या माणसाला बाजूला सरकायला शिकव, प्रभू. त्याला ते अजून जमत नाही."

"आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज डॉयल केम्परचा होता.

डॉयल गोरा. हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि नगरपरिषदेत बसतो. व्हर्डेलसाठी दारोदार फिरून मतं मागणारा पहिला गोरा माणूस तोच. त्या आमेनचा अर्थ त्याच्या ध्यानात आला तो दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात. तिथे मंडळींनी त्याला धारेवर धरलं. काय रे डॉयल, स्वतःच्याच विरुद्ध देवाला साकडं घालून आलास म्हणे? हसून हसून पोट दुखलं लोकांचं, आणि डॉयलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याने ठराव आणला: पास्टर टिलरींना या सभागृहात पुन्हा प्रार्थनेला बोलावू नये. गाव दुभंगलं. जो तो येऊन माझ्यावर कोपर टेकायचा आणि बोलायचा. एक म्हणाला, रंगावरून माणसाला बोल लावायचा आणि तोही देवाच्या नावाने, हे शोभतं का? मला पटलं. त्याच्यामागून दुसरी आली. म्हणाली, जे खरं घडलं ते देवापुढे नाही सांगायचं तर कुठे सांगायचं? तेही पटलं. मी लाकडी ठोकळा, कुणाच्या बाजूने डुगडुगणार?

खरी कोंडी झाली व्हर्डेलची. सभेत सदस्य अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मतं समसमान पडली की महापौराने कौल द्यायचा, असा आमचा रिवाज. पास्टरांना राखलं, तर तिला मत दिलेले गोरे म्हणणार, ही शेवटी त्यांचीच. त्यांना दूर केलं, तर ज्या चर्चमध्ये ती वाढली तिथे तोंड दाखवायची सोय उरणार नाही. सभेच्या आधी रिकाम्या सभागृहात येऊन ती माझ्यावर कपाळ टेकून उभी राहिली. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

सभा भरली. डॉयल आपल्या नातीला घेऊन आला होता. तो मोठ्याने बोलणार असं मला वाटलं होतं, पण आवाज खालीच होता त्याचा. "मी आयुष्यात कुणाला फुटपाथवरून उतरवलं नाही. शपथविधीला ही पोर माझ्या शेजारी बसली होती. घरी जाताना विचारते, आजोबा, ते आजोबा देवाला आपलं नाव सांगत होते का? काय सांगू मी हिला?"

पास्टर काठी टेकत माझ्यापाशी आले. म्हणाले, "नाही उतरवलंस, डॉयल. पण मी उतरलो होतो. तुझ्या वडिलांसाठी. भला माणूस होता. मी चिखलात उतरलो की टोपीला हात लावून थँक यू म्हणायचा."

डॉयलच्या तोंडाचं पाणी पळालं. वडिलांचं कौतुक ऐकलं की निंदा, हे त्याला कळेना. मलाही कळेना, मित्रांनो. अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात मागून ओपलीन हॅच उठल्या. ही गोरी म्हातारी, बोलायला फटकळ. त्यांनी सांगितलं, की लहानपणी वडिलांचा हात धरून त्या इथेच बसल्या होत्या, कोल्बींची प्रार्थना ऐकली होती आणि आमेनही म्हटलं होतं. "तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणजे खालच्यांपैकी कुणाला. वरच्यांना आपण विचारलंच कुठे?"

मतं पडली. अगदी समसमान. सगळ्या माना व्हर्डेलकडे वळल्या.

ती म्हणाली, "पास्टर, ती प्रार्थना पुन्हा म्हणा. या वेळी डोळे कुणी मिटायचे नाहीत. तुम्हीसुद्धा."

पास्टर चपापले. उघड्या डोळ्यांनी प्रार्थना त्यांनी कधी केलीच नसावी. दोन्ही हातांनी त्यांनी माझी कड धरली. सुरुवात चांगली झाली. फुटपाथपर्यंत आले, आणि समोरच्या रांगेत बसलेल्या त्या पोरीवर त्यांची नजर गेली. ओळ तिथेच तुटली. उजव्या तळव्याला दरदरून घाम सुटला होता, तो माझ्या लाकडात मुरत होता. देवाशी बोलणं सोपं असावं, कारण तो समोर बसून टकमक बघत नाही.

मग डॉयल म्हणाला, "पुढे म्हणा, पास्टर. अर्धवट सोडू नका. मी ऐकतोय."

त्यांनी ती ओळ म्हटली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पण हळू म्हटली, माणसाला सांगावी तशी. ओपलीनबाईंचं बारीक आमेन आलं. डॉयल आमेन म्हणाला नाही, पण त्याने मानही खाली घातली नाही. व्हर्डेलने ठरावाच्या विरोधात कौल दिला आणि सभा संपली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

लोक निघाले. खुर्च्यांमधली वाट अरुंद. तिथे पास्टर आणि डॉयल समोरासमोर आले. डॉयल बाजूला सरकला. आणि त्याच क्षणी पास्टरही सरकले, त्याच बाजूला. हाडात मुरलेली सवय ती. इतकी प्रार्थना करून त्यांचीच सुटली नव्हती. दोघे दुसऱ्या बाजूला झाले, पुन्हा समोरासमोर. पास्टरांचे डोळे भरून आले आणि डॉयलचा चेहरा लालबुंद झाला.

"कुणीतरी एक जा रे बाबांनो," मागून ओपलीनबाई म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

आधी कोण गेलं? मला सगळेच विचारतात. मधे माणसं उभी होती, मला दिसलं नाही. शपथेवर सांगतो, वाकून पाहिलं असतं, पण पाय डुगडुगतो ना.

मित्रांनो, पास्टर टिलरी गेल्या हिवाळ्यात वारले. कोण बरोबर, कोण चूक, हे मला अजून सांगता येत नाही. माझ्या डाव्या कडेला अंगठीचा खळगा आहे आणि उजव्या कडेला तळव्याचा काळपट डाग. आता मला घासूनपुसून नवा करायचं चाललंय म्हणे. पाय जरूर दुरुस्त करा, उपकार होतील. धूळ झटका, तेल चोळा. पण त्या दोन खुणांवर पॉलिश पेपर फिरवू नका. एक राखून दुसरी पुसलीत, तर पुढच्या वेळी माझी कड धरणाऱ्याला वाटेल, इथे असं काही झालंच नव्हतं. दोन्ही राहू द्या. आणि पुढची प्रार्थना होईल तेव्हा आमेन जरूर म्हणा, फक्त डोळे उघडे ठेवा.