कुंपणाआतल्या खुर्च्या

"एक तरी राहू द्या, साहेब. जकात माझी मी भरतो," स्टोअरकीपर म्हणाला. हातात घण होता, तरी आवाज मात्र विनवणीचा.

मालक हसला. "अहो, तीस वर्षं या झोनमध्ये काढलीत, आता तुम्हाला मी शिकवू? कुंपणाच्या आतला परदेशी माल देशात आलाच नाही असं धरतात. गेटाबाहेर नेला की जकात. इथंच मोडला की माफ. या सोयीसाठी तर आपण इथं आहोत!"

सोय म्हणे! चाकांच्या चाळीस कोऱ्या खुर्च्या, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाटलेल्या. नवं मॉडेल आलं, या खुर्च्या बाजारात गेल्या तर नव्यांचा भाव पडेल, म्हणून हा त्यांच्या मुळावर उठला. आणि स्टोअरकीपरची बायको दोन वर्षं कमरेखाली लुळी होऊन घरात पडलेली.

जकात अधिकारी यादी घेऊन उभा होता. "काका, माल बाहेर न्यायला अर्ज मालकाचाच लागतो. मी तरी काय करू?"

"एका खुर्चीसाठी कागद कोण रंगवत बसणार?" मालक खेकसला. "उद्या सगळं गोदाम रांग लावेल. चला, आटपा."

मेल्या, तुझ्या आईवर ही वेळ आली असती म्हणजे? पण हे मनातल्या मनात. बायकोची औषधं याच नोकरीवर चालायची. त्यानं घण उचलला. आधी चाकं वाकवायची, मग सांधे फोडायचे, कुणाला पुन्हा जोडता येऊ नयेत असे. एक निळी खुर्ची त्यानं मागे ठेवली, तेवढ्यात साहेब निघून जाईल म्हणून. साहेब कसला हलतोय! शेवटी तीही फोडली.

सकाळीच तो बायकोला सांगून बसला होता, आज खुर्ची आणतो. हातचं राखून बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. घरी आला तर ती केस विंचरून, निर्जीव पायांत बाहेरची चप्पल चढवून, दाराकडे तोंड करून खाटेवर बसलेली.

"खुर्ची?"

"मोडली."

"कोणी?"

"मी. सगळ्या मीच मोडल्या."

"नोकरी टिकली ना तुमची? झालं तर मग."

रोजच्यासारखा तो तिला उचलायला वाकला.

"हात लावू नका मला."

ती जमिनीवर घसरली आणि कोपरांवर रेटत आतल्या खोलीकडे निघाली. उंबऱ्यापाशी दम लागला म्हणून थांबली. तो वाट बघत उभा राहिला. तिनं हाक काही मारली नाही.