दहाव्याची घार

कावळे होते, पण पिंडाला शिवत नव्हते. खडकवासल्याच्या पाण्याकाठी आप्पासाहेबांच्या दहाव्याला जमलेली मंडळी कधीची माना वर करून बसली होती. आप्पासाहेबांची कोणती इच्छा राहिली असेल, यावर प्रत्येकाचं मत तयार होतं.

मुलगा विश्वजीत हात जोडून म्हणाला, वावर बिल्डरला देणार नाही. कावळे ढिम्म. सून ऋतिका म्हणाली, आईंना काही कमी पडू देणार नाही. आप्पासाहेबांच्या धाकट्या भावाने, मच्छिंद्रने, कुणी न मागितलेली आश्वासनंही देऊन टाकली. कावळ्यांनी ती मतदारांसारखी ऐकून घेतली.

आप्पासाहेब स्वारगेट-खडकवासला बसचे कंडक्टर. नोकरीभर तोच रस्ता. निवृत्तीनंतर फ्लॅटच्या गॅलरीपुरते उरले. मागणं एकच, भाजलेला सुका बोंबील. पण घरात त्याचा वास ऋतिकाला सोसत नसे, आणि मथुराबाई नवऱ्याला ‘उद्या करते’ म्हणून गप्प करत. उद्या करता करता दहावा आला.

गुरुजींना पुढे आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भाची काडी उचलली. “कावळा नाही शिवला तर दर्भाचा करून शिववतात. शास्त्रात सोय आहे.”

“जरा थांबा,” मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. सकाळी शेजारच्या गोदाबाईंकडे जाऊन भाजलेला बोंबील त्यांनी पिंडाशेजारी ठेवला. गुरुजींना अचानक धरणाची भिंत पाहावीशी वाटली.

कावळे का येत नव्हते, ते तेव्हा कळलं. समोरच्या बाभळीवर इतका वेळ दबा धरून बसलेला एक मोठा पक्षी सुटला. डोकं, छाती पांढरीशुभ्र. बाकी अंग भाजलेल्या विटेच्या रंगाचं. पिंडाचा भात विस्कटून त्याने बोंबील पंजात धरला आणि पाण्यावरून पलीकडे निघून गेला.

“ब्राह्मणी घार,” ऋतिका मोबाइलमध्ये बघत म्हणाली. “पाण्याकाठी असते. इथून पार ऑस्ट्रेलियापर्यंत.”

आप्पासाहेबांची हद्द स्वारगेटला संपत असे.

“शास्त्रात कावळा म्हटलंय,” गुरुजी म्हणाले. दर्भाचा कावळा अर्धा झाला होता.

“ऱ्हाऊ द्या, गुरुजी. कावळ्यानं हितंच बसून खाल्लं असतं. हिनं लांब नेलंय.” मथुराबाई अजून पलीकडे बघत होत्या. “जाऊ द्या त्यांना आता.”

गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भ पाण्यात सोडला. मंडळी गुडघे धरत उठली. वावराचं आश्वासन घारीला लागू होतं की नाही, याचा विश्वजीत बहुधा विचार करत होता.

परतताना गाडीत एसी होता. मथुराबाईंनी हात पदराखाली घेतले, तरी बोंबलाचा वास भरून राहिला. पुढच्या सीटवर ऋतिकाचा हात काच खाली करायच्या बटणाकडे गेला. थोडा वेळ तिथेच थांबला, आणि तिने तो परत मांडीवर ठेवला.